गोलंदाजीचे पहिले धडे : वाचकांचे प्रश्न

नव्याने गोलंदाजी शिकणाऱ्यांसाठी या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारी हाताविषयी आहेत : चेंडू हातातून लवकर सुटतो, हात वाकतो, मनगट साथ देत नाही. उत्तरे शोधताना मात्र पुन्हा पुन्हा पायांकडे यावे लागते, कारण चेंडू हातातून सुटण्याआधी शरीर ज्या स्थितीत येते ती स्थिती पायांनीच ठरवलेली असते. काही प्रश्न थोडक्यात, तर काही सविस्तर घेतले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे गोलंदाज आणि फलंदाज दोघेही उजव्या हाताने खेळणारे आहेत असे धरावे. डावखुऱ्या वाचकांनी बाजू उलट करून वाचावे.

प्रश्न : मी तिशीत आहे. मित्रांच्या संघातून प्रथमच लेदर बॉलने खेळू लागलो आहे. मध्यमगती गोलंदाजी करतो, पण एक चेंडू वाईड जातो, दुसरा फुलटॉस पडतो आणि तिसरा अर्ध्या खेळपट्टीत आपटतो. सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : सुरुवात पकडीपासून करावी, पण तिथे फार रेंगाळू नये. शिवण उभी ठेवून तर्जनी आणि मधले बोट तिच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून किंचित अंतरावर ठेवावे. अंगठ्याची कड खालच्या बाजूने शिवणीवर टेकलेली असावी आणि चेंडू व तळहात यांच्यामध्ये थोडी फट दिसावी. चेंडू तळहातात रुतवून घट्ट धरला की मनगट ताठरते आणि चेंडू बोटांवरून सुटण्याऐवजी ढकलला जातो. नवशिक्यांची पकड बहुधा एवढ्या एकाच ठिकाणी चुकते.

यानंतर रनअप काही दिवस पूर्णपणे बाजूला ठेवावा. खेळपट्टीवर बाजू वळवून उभे राहावे, म्हणजे डावा खांदा फलंदाजाच्या दिशेने येईल. उजवा पाय क्रीजला समांतर आणि भार त्याच्यावर असावा. डावा हात उंच उचलावा, चेंडू हनुवटीजवळ धरावा आणि नजर लक्ष्यावर ठेवावी. मग डावा पाय सरळ फलंदाजाच्या दिशेने टाकावा आणि तो जमिनीवर टेकत असताना डावा हात खाली, कमरेच्या बाजूला जोराने ओढावा. उजवा हात मांडीजवळून मागे, वर आणि कानाला लागून पुढे येईल. दोन्ही हात एकाच चाकाच्या समोरासमोरच्या आऱ्यांप्रमाणे फिरले पाहिजेत : एक खाली आल्याशिवाय दुसरा वर जात नाही. अनेकांचा डावा हात सुरुवातीलाच गळून पडतो, त्यामुळे छाती वेळेआधी उघडते आणि उजवा हात एकटा पडून चेंडू आडव्या रेषेत ओढतो. आपले काही वाईड चेंडू याच कारणाने जात असावेत.

चेंडू कुठे पडतो यावरून दोषाचे निदान करता येते. चेंडू लवकर सुटला तर फुलटॉस, उशिरा सुटला तर आखूड टप्पा. पण सुटण्याची वेळ चुकते ती बोटांच्या चुकीने क्वचितच. पुढचा पाय दर वेळी वेगळ्या जागी आणि वेगळ्या जोराने पडत असेल, तर हाताला तीच वेळ पुन्हा साधणे अशक्य होते. म्हणून उभ्याने टाकताना पुढचा पाय जिथे पडायला हवा तिथे खडूने खूण करावी आणि प्रत्येक चेंडूनंतर, चेंडू कुठे गेला हे पाहण्याआधी, पाय कुठे पडला हे पाहावे. हे कंटाळवाणे वाटेल, तरी माझा अनुभव असा की नवशिक्याच्या गोलंदाजीत एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही सूचनेने पडत नाही.

डोक्याकडेही लक्ष असू द्यावे. चेंडू सुटताना डोके डावीकडे कलंडले की शरीर एका दिशेला आणि हात दुसऱ्या दिशेला जातो. असा चेंडू बहुधा लेग स्टंपच्या बाहेर जातो. डोके सरळ, पुढच्या पायाच्या वर आणि नजर समतल राहिली तर दिशा आपोआप सुधारते. चेंडू सोडल्यावर लगेच थांबू नये. उजवा हात शरीरासमोरून डाव्या मांडीच्या बाहेर जाऊ द्यावा, उजवा खांदा फलंदाजाकडे वळू द्यावा आणि आणखी काही पावले धावत खेळपट्टीच्या बाहेर पडावे. बाहेर पडण्यामागे नियमही आहे : पॉपिंग क्रीजपासून (यष्ट्यांसमोरच्या आडव्या रेषेपासून) ५ फूट पुढे सुरू होणारा, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १ फूट रुंदीचा पट्टा संरक्षित असतो आणि त्यावर धावल्यास पंच ताकीद देतात.

उभ्याने टाकलेले चेंडू सरळ जाऊ लागले की दोन पावले चालत, मग चार-पाच पावले हलके धावत टाकावे, आणि पूर्ण रनअप सर्वांत शेवटी घ्यावा. एखाद्या पायरीवर दिशा बिघडली तर निःसंकोच एक पायरी मागे यावे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो चेंडू फेकतो, असे समोरच्या संघातील पालक म्हणतात. घरी मी त्याला सतत "हात सरळ ठेव" असे सांगते, पण सुधारणा होत नाही. हाताला किंचितही बाक असेल तर ती फेकीच ठरते का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की नियम नीट समजून घेणे आवश्यक आहे. हात खांद्याच्या पातळीपर्यंत वर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर अंशतः किंवा पूर्णपणे सरळ होता कामा नये, असे क्रिकेटचा नियम सांगतो. म्हणजे आक्षेप बाकाला नसून सरळ होण्याला आहे. कोपर जन्मतः थोडे वाकलेले असेल आणि ते तसेच वाकलेले राहून चेंडू सुटला, तर ती रीतसर गोलंदाजी ठरते. मनगट वाकवण्यास किंवा फिरवण्यासही नियमाची हरकत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची मुभा आहे, पण ती प्रयोगशाळेतील कॅमेऱ्यांनी मोजली जाते. सीमारेषेबाहेर बसलेल्या पालकांना ती डोळ्यांनी मोजता येणार नाही.

आता मुलाविषयी. तो फेकत असेलच, तर तो का फेकतो ते आधी पाहा. मोठ्यांची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असते. अकरा वर्षांच्या मुलाला पूर्ण वजनाचा चेंडू देऊन एवढ्या अंतरावर पोहोचवायला सांगितले, तर त्याचे शरीर सोपा मार्ग निवडते आणि तो मार्ग फेकीचा असतो. पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, तर १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू नियमांतच दिलेला आहे. त्याला तो द्यावा, सरावाची खेळपट्टी चार-पाच यार्डांनी आखूड करावी आणि काही काळ वेगाचा आग्रह पूर्णपणे सोडावा. वर सांगितलेला उभ्याने टाकण्याचा सराव त्यालाही लागू आहे. दोन्ही हात मोठ्या वर्तुळात फिरत असतील, तर कोपराला मध्येच वाकून पुन्हा सरळ व्हायला वावच राहत नाही.

"हात सरळ ठेव" ही सूचना मात्र थांबवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती ऐकून मूल खांदा आणि मनगट दोन्ही आवळते, आणि आवळलेला हात शेवटच्या क्षणी झटका देतो. "डावा हात जोरात खाली ओढ" एवढेच सांगून पाहा.

प्रश्न : माझा पुढचा पाय वारंवार रेषेबाहेर पडतो. पंचांनी नो-बॉल दिला की मी रनअप एक पाऊल मागून सुरू करतो, तरी पुढच्या षटकात तेच होते. टाच रेषेवर असली तर चेंडू वैध असतो ना?

उत्तर : टाच फक्त रेषेवर असेल तर नाही. पॉपिंग क्रीज म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची मागची, यष्ट्यांच्या बाजूची कड. पुढचा पाय पडताना त्याचा काहीतरी भाग, जमिनीवर टेकलेला असो वा हवेत असो, त्या कडेच्या मागे असायला हवा. मागच्या पायाचाही नियम आहे : तो बाजूच्या रिटर्न क्रीजच्या आत, तिला स्पर्श न करता पडला पाहिजे.

एक पाऊल मागे सरकण्याने काही साधत नाही, कारण आपला दोष पावलांची लांबी दर वेळी बदलण्यात आहे. रनअप उलट मोजावा. क्रीजवर उभे राहून खेळपट्टीकडे पाठ करावी, रेषेकडे न पाहता मोकळ्या मैदानात सहज लयीत धावावे आणि उडी घ्यावीशी वाटेल तिथे चेंडू टाकण्याची क्रिया पूर्ण करावी. पुढचा पाय जिथे पडला तिथे मित्राला खूण करायला सांगावे. असे आठ-दहा वेळा केल्यावर खुणा एका जागी दाटू लागतील. क्रीजपासून तिथपर्यंतचे अंतर म्हणजे आपला रनअप. ते टेपने मोजून ठेवावे, आणि प्रत्येक वेळी त्याच पायाने सुरुवात करावी. डावा पाय पुढे टाकून निघणे आणि उजवा पुढे टाकून निघणे यांत एका पावलाचा फरक पडतो, आणि पुष्कळ नो-बॉल तिथेच जन्माला येतात.

प्रश्न : नवा चेंडू हातात आला तरी माझा स्विंग होत नाही. पकड अगदी बरोबर आहे असे प्रशिक्षक म्हणतात.

उत्तर : पकड बरोबर असूनही शिवण हवेत डगमगत असेल तर स्विंग होणार नाही, म्हणजे चेंडू हवेत बाजूला वळणार नाही. शिवणीमुळे चेंडूच्या एका बाजूची हवा खळबळते आणि चेंडूला अधिक काळ चिकटून राहते, तर दुसऱ्या गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू शिवण ज्या दिशेला कललेली असते त्या दिशेला ढकलला जातो. शिवण गिरक्या घेऊ लागली की हा फरक टिकतच नाही.

आउटस्विंगसाठी, म्हणजे चेंडू फलंदाजापासून दूर वळवण्यासाठी, शिवण पहिल्या स्लिपच्या दिशेला किंचित कललेली ठेवावी आणि चकचकीत बाजू उजवीकडे, म्हणजे लेगच्या बाजूला असावी. इनस्विंगसाठी शिवण लेग स्लिपकडे आणि चकाकी डावीकडे. दोन्ही वेळी मनगट चेंडूच्या थेट मागे हवे, आणि दोन्ही बोटे चेंडूच्या पाठीवरून खाली घासत सुटली पाहिजेत. त्यामुळे चेंडूला मिळणारी उलटी फिरकी शिवण स्थिर ठेवते. तपासण्याची सोपी पद्धत अशी : शिवणीवर रंगीत चिकटपट्टी लावलेला जुना चेंडू मित्राकडे दहा पावलांवरून हलकेच, फक्त मनगटाने टाकावा. पट्टी एकसंध रेघ दिसली तर सुटका योग्य आहे. ती फाकलेली, डुलणारी दिसली तर एक बोट दुसऱ्याआधी सुटत आहे. बहुधा पुढचा पाय फार आत पडल्यामुळे हात शरीराला वळसा घालून येतो आणि मनगट बाजूला घसरते. तेव्हा मनगटाचा सराव करण्याआधी पायाची खूण तपासावी.

चकाकी राखण्यासाठी घाम वापरता येतो. लाळेवर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२२ पासून त्या बंदीला नियमांत कायमचे स्थान मिळाले आहे.

प्रश्न : मी तेरा वर्षांची आहे. मला लेगस्पिन शिकायचा आहे, पण माझे निम्मे चेंडू फुलटॉस जातात आणि वर्गातल्या मुली म्हणतात की मध्यमगती टाक, ते सोपे असते. गुगली कधी शिकू?

उत्तर : लेगस्पिन सोडू नकोस. तो उशिरा हाती येतो हे खरे आहे, पण तेरा हे सुरुवातीसाठी फार चांगले वय आहे. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवी ठेव, अनामिका दुमडून तिची बाजू शिवणीला टेकव. चेंडू फिरवण्याचे मुख्य काम अनामिकेचे आणि मनगटाचे आहे. मनगट आधी आत वळलेले असते आणि सुटताना ते उलगडत चेंडूला उजवीकडून डावीकडे फिरवते. योग्य फिरलेला चेंडू टप्पा पडल्यावर फलंदाजाच्या लेगकडून ऑफकडे वळतो.

मध्यमगती गोलंदाजाला मी आधी दिशा आणि मग बाकी सारे असे सांगतो, पण तुला उलट सांगेन : आधी चेंडू भरपूर फिरव, अचूकता मागून येऊ दे. टप्प्याच्या काळजीने हळूच सोडलेला लेगस्पिन फिरतही नाही आणि नीट पडतही नाही. मैत्रिणीसमोर दहा-बारा पावलांवर उभी राहा आणि दोघी एकमेकींकडे नुसता चेंडू फिरवत टाकत राहा. रनअप नाही, फलंदाज नाही. चेंडू हवेत गुणगुणल्यासारखा आवाज करू लागला की समज, बोटे काम करत आहेत.

फुलटॉसचे कारण बहुधा घाई हेच असते. तू धावत येतेस आणि पुढच्या पायावर नीट स्थिरावण्याआधीच हात येतो. रनअप चार पावलांचा कर, शेवटचे पाऊल लहान ठेव, आणि चेंडू सोडताना पुढच्या पायाच्या चवड्यावर शरीर पूर्ण वळू दे. चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊन खाली उतरावा असा टाक. एवढा उंच टाकलास की त्याला खाली यायला वेळ मिळतो, आणि फुलटॉस कमी होतात. महिलांच्या क्रिकेटमधील चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. सरावात पुरुषांचा जड चेंडू देत असतील तर हलका मागून घे.

गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखाच दिसणारा पण उलट वळणारा चेंडू, इतक्यात नको. तिच्यासाठी मनगट आणखी वळवावे लागते, आणि लेगस्पिन पक्का होण्याआधी ही सवय लागली तर मूळ चेंडूच हातातून निघून जातो. सहापैकी चार चेंडू तुला हवे तिथे पडू लागले की विचार कर.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि वेगवान गोलंदाज आहे. गेले तीन आठवडे त्याची कंबर डाव्या बाजूला दुखते. मलम लावून तो खेळतो. स्नायूंचा ताण असेल, सवयीने जाईल, असे सगळे म्हणतात. काही विशेष व्यायाम सांगाल का?

उत्तर : व्यायाम सांगणार नाही. त्याची गोलंदाजी आजच थांबवावी आणि हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, शक्य असल्यास खेळाडूंच्या दुखापतींचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवावे.

एवढ्या स्पष्टपणे लिहिण्याचे कारण असे. उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाला कमरेच्या डाव्या बाजूला, गोलंदाजी करताना वाढणारे दुखणे आठवडे-आठवडे राहिले, तर मणक्याच्या हाडाला ताणामुळे बारीक चीर पडण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते. वाढीच्या वयातील वेगवान गोलंदाजांमध्ये ही दुखापत परिचित आहे. चीर साध्या एक्स-रेमध्ये सुटूही शकते, म्हणून डॉक्टर एमआरआय सुचवतील तर तो टाळू नये. वेळेत विश्रांती मिळाली तर हाड सहसा भरून येते. दुखणे दडवून खेळत राहिले तर काही महिन्यांची विश्रांती वर्षावर जाते. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांना १९७३ मध्ये याच प्रकारच्या दुखापतीने मैदानाबाहेर जावे लागले होते. दीर्घ विश्रांती आणि कठोर मेहनतीनंतर त्यांनी आपली शैली बदलली आणि ते पुन्हा जगातील श्रेष्ठ वेगवान गोलंदाजांमध्ये गणले गेले. तेव्हा हा शेवट आहे असे मुलाला वाटू देऊ नका.

तो बरा झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्याची शैली. मागचा पाय आडवा पडला तर कंबर आणि खांदे दोन्ही बाजूला वळलेले असावेत; मागचा पाय फलंदाजाकडे रोखलेला पडला तर कंबर आणि खांदे दोन्ही समोर असावेत. या दोन्ही शैली सुरक्षित आहेत. धोका आहे तो मिश्र शैलीत, जिथे कंबर समोर असते आणि खांदे मात्र वेगळे, बाजूला पिळलेले असतात. ही पीळ प्रत्येक चेंडूला कमरेच्या मणक्यांवर येते. मोबाइलवर मागून आणि बाजूने संथगती चित्रण केले तर मागचा पाय टेकण्याच्या क्षणी ती दिसते. दुरुस्तीची सुरुवात मागच्या पायापासून होते : तो पूर्ण आडवा किंवा पूर्ण समोर, यांपैकी त्याला जे सहज जमते त्याप्रमाणे कंबर आणि खांदे जुळवून घ्यावेत. हे काम जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हावे.

दुसरी गोष्ट षटकांची. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे लागू ठेवलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये (सलग टाकलेल्या षटकांत) ५ आणि दिवसभरात १० षटकांपेक्षा अधिक, तर १५ वर्षांखालील गोलंदाजाने अनुक्रमे ६ आणि १२ षटकांपेक्षा अधिक टाकू नयेत. आपल्याकडे चांगला मुलगा सापडला की शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि नेट्स अशा तिन्ही ठिकाणी तोच गोलंदाजी करतो, आणि कोणत्याही एका प्रशिक्षकाला एकूण आकडा ठाऊक नसतो. नेट्समध्ये टाकलेला चेंडूही मणक्याच्या दृष्टीने चेंडूच असतो. म्हणून रोजच्या चेंडूंची नोंद घरी ठेवावी, ती तिन्ही प्रशिक्षकांना दाखवावी, आणि उंची झपाट्याने वाढत असलेल्या महिन्यांत आकडा आणखी कमी करावा. कोणी "मुलगा नाजूक आहे" असे म्हटले तर म्हणू द्यावे.

प्रश्न : यॉर्कर आणि बाउन्सर लवकर शिकण्याची युक्ती आहे का?

उत्तर : आधी एकच टप्पा हातात यावा. पूर्ण खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजासाठी तो फलंदाजाच्या यष्ट्यांपासून साधारण ६ मीटरवर, ऑफ स्टंपच्या रेषेत किंवा तिच्या थोडा बाहेर असतो. ग्लेन मॅकग्रा हे आपल्या काळातील सर्वांत वेगवान गोलंदाज नव्हते, पण या जागेच्या आसपास चेंडू टाकत राहून त्यांनी कसोटीत ५६३ बळी घेतले. फलंदाजाने पुढे यावे की मागे जावे हा प्रश्न तिथे पडलेला चेंडू निर्माण करतो. यॉर्कर, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, त्याच क्रियेतून, फक्त चेंडू क्षणभर आधी सोडून टाकायचा असतो. मूळ टप्पा स्थिर नसेल तर तोच यॉर्कर अर्ध्या वेळा फुलटॉस होतो. नवशिक्याने बाउन्सरचा विचारही करू नये, विशेषतः समोरचा फलंदाजही नवशिका असेल तर.

प्रश्न : सरावाला जोडीदार मिळत नाही. एकट्याने काय करता येईल?

उत्तर : बरेच काही. सपाट जागेत एक यष्टी उभी करावी, टप्प्याच्या जागी मोठा रुमाल किंवा पुठ्ठा पसरावा आणि क्रीजवर पुढच्या पायासाठी खडूची खूण करावी. सहा-सहा चेंडूंचे गट करून टाकावे, आणि प्रत्येक गटानंतर वहीत दोन आकडे लिहावेत : रुमालावर किती पडले आणि पाय खुणेवर किती वेळा पडला. पहिले काही आठवडे दुसऱ्या आकड्याकडेच पाहावे. रुमाल सुरुवातीला पुरेसा मोठा असावा, म्हणजे सहापैकी निदान दोन चेंडू त्यावर पडतील; चार पडू लागले की तो घडी घालून लहान करावा. थकवा आल्यावर पाय खुणेच्या पुढे घसरू लागतो. तसे दोन गटांत सलग दिसले की त्या दिवसाचा सराव थांबवावा.